उष्णतेचा माग आणि धुळीची अडचण

एखाद्या प्रगत संस्कृतीने ऊर्जेसाठी आपल्या ताऱ्याभोवती अवाढव्य रचना उभारली, तर ती दुरून कशी ओळखावी, या प्रश्नाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 मध्ये दिलेले उत्तर मला आजही विलक्षण वाटते. परग्रहवासीयांच्या हेतूंविषयी तर्क लढवण्याऐवजी, वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतेच, एवढ्याच नियमावर त्यांनी भिस्त ठेवली. फ्रिज आतून कितीही गार असला, तरी त्याच्या पाठीमागे हात नेल्यावर ऊब लागतेच. म्हणून सुमारे 10 मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, शोधावे, असे त्यांनी सुचवले.

अडचण धुळीची आहे, कारण ताऱ्याचा प्रकाश शोषून तो उष्णतेच्या रूपात सोडण्याचे काम धूळही करते. हंस तारकासमूहातील केआयसी 8462852 या ताऱ्याचे तेज एकदा सुमारे 15 आणि पुढे सुमारे 22 टक्क्यांनी घटल्याचे केप्लर दुर्बिणीच्या नोंदींवरून 2015 मध्ये जाहीर झाले, तेव्हा आमच्याकडील व्हॉट्सॲप गटांनी तेथे लगोलग वस्तीही वसवली. (गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला, तर तेज जेमतेम 1 टक्का घटते.) मात्र पुढील निरीक्षणांत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक अडल्याचे दिसले. भरीव भिंत सर्वच रंग सारखे अडवते. निळ्याला अधिक अडवते ती बारीक धूळ.

दिवाळीच्या सुमारास हंस संध्याकाळी वायव्येला असतो, पण मांडवीतील कॅसिनोंच्या झगमगाटात पणजीहून त्याचा काय पाड लागणार? सत्तरी तालुक्यात एका स्नेह्यांच्या अंगणातून, त्यांच्या दुर्बिणीत, हा तारा मी पाहिला आहे: शेजाऱ्यांहून कशातही वेगळा नसलेला एक फिकट ठिपका.

खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट यांच्या गटाने अशाच उष्णतेच्या शोधात सुमारे 1 लाख दीर्घिका चाळल्या. बहुतांश ताऱ्यांची ऊर्जा वापरणारी संस्कृती एकीतही आढळली नाही. त्यापेक्षा ताऱ्यांभोवतीच्या अशा रचना शोधणारा 2024 मधील हेफेस्टस प्रकल्प मला अधिक रोचक वाटतो. त्यात सुमारे 50 लाख ताऱ्यांतून अवरक्त प्रारण अवाजवी असलेले 7 तारे उरले, आणि ते सगळे लाल बटू, म्हणजे लहान व तुलनेने थंड तारे निघाले, ज्यांच्याभोवती धुळीच्या तबकड्या सहसा सापडत नाहीत. परंतु त्यांतील तिघांच्या दिशेला रेडिओ स्रोत आढळले. म्हणजे ती ऊब त्यांच्या मागे, फार दूर असलेल्या धूळभरल्या दीर्घिकांची असण्याचा दाट संभव आहे. उरलेल्या चौघांचा निकाल आणखी तपासणी झाल्याशिवाय लागायचा नाही, पण माझी पैज धुळीवरच आहे.