टोकं गेलेल्या हिरड्या

तो खुर्चीत बसायच्या आधीच वास आला. हे आम्ही चारचौघांत बोलत नाही, पण निम्मं निदान नाक करतं. किडलेल्या दाताचा वास वेगळा, पू साठल्याचा वेगळा. हा तिसराच होता आणि तो एकदा आला की जन्मभर लक्षात राहतो.

पंचविशीतला मुलगा, तोंडाशी रुमाल. माझ्या ज्युनियरनं केसपेपरवर शेरा आधीच मारून ठेवला होता, 'ओरल हायजीन पुअर'. हा शेरा आम्ही सगळेच डोळे मिटून मारतो.

खालचा ओठ हळूच ओढला. दोन दातांच्या मधे हिरडीचं जे त्रिकोणी टोक असतं ना, ते पुढच्या सहा दातांत कुठंच नव्हतं. कागदाला पंच मारावा तसे खड्डे, आणि वर राखाडी साय. कापसाच्या बोळ्यानं साय टिपली तर खालून लगेच रक्त. साधी हिरडी सुजली तर सहसा दुखत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं येतही नाहीत. ही इतकी दुखते की ब्रश टेकवता येत नाही. दातांवर थर होता खरा, पण तो 'घासत नाही' म्हणून की 'घासवत नाही' म्हणून, हे शेरा मारणाऱ्यानं विचारलंच नव्हतं.

नेक्रोटायझिंग जिंजिव्हायटिस, म्हणजे हिरडी सडवणारा दाह. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना व्हायचा, म्हणून 'ट्रेंच माउथ'. यातले जंतू आपल्याच तोंडातले असतात. जागरण, ताण, सिगारेट, पोटाची आबाळ, यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की ते माजतात. एचआयव्हीतही हेच दिसतं, म्हणून ती तपासणी सांगावी लागते.

मी सांगितली. शनिवारी संध्याकाळी, ग्लोव्हज काढता काढता, बेसिनकडे तोंड करून. वरवरची सफाई केली. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढंच कोमट पाणी घालून चूळ भरायला सांगितली. ताप होता म्हणून मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक, ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ३ दिवस. दारूला हात लावायचा नाही, हेसुद्धा बजावलं. झोपेचं विचारायचं राहिलं.

सोमवारी रिपोर्ट निगेटिव्ह आला. दुखणंही बरंच उतरलं होतं. तेव्हा तो बोलायला लागला. वडील तीन आठवडे आयसीयूत, हा बाहेरच्या बाकावर. दोन सिगारेटींच्या दहा झाल्या होत्या.

"आधी निदान तास-दोन तास डोळा लागायचा, डॉक्टर. शनिवारपासून तोही नाही. वडील आत, आणि मी माझाच विचार करत बसलेलो."

तपासणी चुकली नव्हती. उद्या असाच पेशंट आला तर पुन्हा सांगेन. पण ज्याला जागरणानं आजार झाला त्याला मीच आणखी दोन रात्री जागवलं, आणि तेही पाठमोरा उभा राहून. हिरडी आणि दात यांच्यामधले खिसे आम्ही दाताभोवती सहा जागी मिलिमीटरमध्ये मोजतो, आकडे रकान्यात भरतो. झोपेला रकाना नाही. असता तरी ज्युनियरनं तिथं 'नॉर्मल' लिहिलं असतं, आणि घाईत असतो तर मीही.

पंधरा दिवसांनी आला तेव्हा हिरड्या गुलाबी होत्या. वडील वॉर्डात आले होते. आरशात बघून त्यानं विचारलं, "ही टोकं परत येतील ना?"

"थोडी भरतील. पूर्ण येतील असं नाही सांगत," मी म्हटलं. या वेळी समोर स्टूल ओढून बसलो होतो. त्यानं मान डोलावली आणि जीभ त्या फटीवरून फिरवत राहिला.