डिप्लोमावालीच्या ओळखी

पुण्यात इंजिनिअरच्या ओळखी दोन ठिकाणी होतात, कॉलेजात आणि कंपनीत. ज्यांचं कॉलेज १८५४ सालापासून चालू आहे, त्यांचा एखादा तरी सीनिअर प्रत्येक मोठ्या कंपनीत बसलेला असतो. फोन केला की निदान "सीव्ही पाठव" एवढं तरी उत्तर येतं. मी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि थेट भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट काढायचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, डिझाइनला लागले. प्रोग्रेसिव्ह टूल, ड्रॉ टूल, फॉर्मिंग टूल काढता काढता दहा-बारा वर्षं गेली. माझ्याबरोबरच्या मुली एक तर पुढे बी.ई.ला गेल्या, नाही तर हे क्षेत्रच सोडून गेल्या. मला काम येत होतं, पण ते येतं हे आमच्या ब्लॉकच्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

मला शीट मेटलच्या फॉर्मिंग सिम्युलेशनमध्ये जायचं होतं. पत्रा कुठे फाटेल, कुठे सुरकुत्या पडतील, डायमधून (साच्यातून) निघाल्यावर वाक किती उघडेल, हे टूल कापायच्या आधी कॉम्प्युटरवर बघायचं, असं ते काम. ते हिंजवडी-खराडीकडच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या कंपन्यांत चालतं. भोसरीहून तिथे रोज जाता येतं, पण तिथलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. ही ओळख मी ऑनलाइन कशी करून घेतली ते लिहिते आहे, कारण भोसरी, चाकण, तळवडेच्या टूलरूममध्ये माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. जणही आहेत.

सुरुवात शेठना सांगण्यापासून केली. आमची टूलरूमची दुनिया फार लहान. एका पट्ट्यात काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पट्ट्यात कळतं. शेठ म्हणाले, "जायचं तेव्हा जा, अडवणार नाही. चालू टूल पुरं करून जा म्हणजे झालं." हे आधी बोलून घेतल्यामुळे पुढचं सगळं उघडपणे करता आलं. सगळ्यांचे शेठ असे नसतात, हे मला माहीत आहे. ज्यांना सांगणं शक्य नाही त्यांच्यासाठी लिंक्डइनवर नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते. मात्र चालू कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपेलच अशी पक्की हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही. फोटोभोवतीची हिरवी चौकट तर सगळ्यांनाच दिसते.

लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिला २२० अक्षरांची जागा आहे. बहुतेक जण तिथे पद आणि कंपनी लिहून सोडून देतात. माझ्या कंपनीचं नाव वाचून खराडीतल्या कोणाला काय कळणार? मी तिथे कामच लिहिलं: प्रोग्रेसिव्ह आणि फॉर्मिंग टूलचं डिझाइन, हाय स्ट्रेंग्थ स्टील, पत्र्याची जाडी कुठपासून कुठपर्यंत, किती टनांच्या प्रेसपर्यंत. या धंद्यातला माणूस ही एक ओळ वाचून मला काय येतं आणि काय येत नाही ते ओळखतो. खाली स्वतःबद्दल लिहायला २,६०० अक्षरं मिळतात, त्यातली निम्मीही मला लागली नाहीत. "मेहनती", "उत्साही" असले शब्द मी कुठेच घातले नाहीत. तीन टूलांची गोष्ट लिहिली: अडचण काय होती, काय बदललं, ट्रायलला काय निघालं.

कनेक्शनची विनंती मी एचआरना फारशी पाठवलीच नाही. जे लोक रोज ते काम करतात, त्यांना पाठवली. सोबत दोन ओळी. "नोकरी आहे का" असं विचारलं नाही, कामाबद्दल विचारलं. उदाहरणार्थ, टूल डिझाइनमधून सिम्युलेशनला आलेल्या एका सरांना विचारलं की पहिल्या वर्षात त्यांना सगळ्यात जास्त काय शिकावं लागलं. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी मन लावून दिलं. एकाने तर रविवारी फोन करून मटेरियल कार्ड म्हणजे काय, त्यात कोणत्या चाचण्यांचे आकडे जातात, हे समजावलं. अनोळखी बाईला एवढा वेळ देणारे लोक आहेत, हे मी आवर्जून सांगते, कारण दुसरीही बाजू आहे.

इंजिनिअरांच्या व्यासपीठावरसुद्धा बाईच्या इनबॉक्समध्ये "हाय डिअर" येतं, "फोटो छान आहे" येतं. याचा त्रास होतो, आणि तो होऊ नये. मी उत्तर न देता ब्लॉक करत गेले, आणि हद्द ओलांडली तिथे रिपोर्ट केलं. माझ्या एका मैत्रिणीने यालाच कंटाळून खातं बंद केलं. तिला मी समजू शकते, पण तिचं डिझाइन मी पाहिलंय आणि ते बाहेर कोणाला दिसत नाही याची हळहळ वाटते.

नोकरीच्या नावाने पैसे मागणारेही भेटतात. एका बड्या कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलं, लोगो, शिक्का, सगळं होतं, आणि खाली लॅपटॉपच्या डिपॉझिटची मागणी. ईमेलचा पत्ता फुकटच्या मेल सेवेचा होता. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

आता ज्या भागाने खरं काम केलं त्याकडे येते. लिंक्डइनवर लोक एकमेकांचं अभिनंदन फार करतात, खोल तांत्रिक बोलणं कमी होतं. ते होतं खास इंजिनिअरांच्या समुदायांत. एंग-टिप्स या ऑनलाइन फोरमवर फक्त काम करणाऱ्या इंजिनिअरांना जागा आहे, कॉलेजच्या असाइनमेंटचे प्रश्न तिथे काढून टाकतात. ग्रॅबकॅड या साइटवर लोक आपली मॉडेल्स ठेवतात, तिथे स्पर्धाही होतात. २०१३ मध्ये जीईने (जनरल इलेक्ट्रिक) तिथे जेट इंजिनच्या एका ब्रॅकेटचं वजन कमी करायचं आव्हान दिलं होतं. मूळ ब्रॅकेट २,०३३ ग्रॅमचं. जिंकला इंडोनेशियाचा एम. एरी कुर्नियावान, त्याचं ब्रॅकेट ३२७ ग्रॅमचं होतं. तिथे डिझाइन तपासलं गेलं, भार सहन करतं का ते पाहिलं गेलं, डिग्री मागितली नाही. हे वाचलं त्या दिवशी मला फार बळ आलं.

पण आमच्यासारख्यांची एक अडचण असते. मी काढलेलं प्रत्येक टूल ग्राहकाचं. ड्रॉइंग ग्राहकाचं, पार्ट ग्राहकाचा, गोपनीयतेचा करार केलेला. मग दाखवायचं काय? मी एक ब्रॅकेट स्वतः काढलं, कोणत्याही गाडीचं नसलेलं. त्याचा स्ट्रिप लेआउट, स्टेशनं, पायलट, पंच-डायमधला क्लिअरन्स (फट), सगळं मोकळेपणाने मांडता आलं. माझा पोर्टफोलिओ म्हणजे तेवढंच.

त्याच सुमारास कामावर एक यू-आकाराचा पार्ट आला, हाय स्ट्रेंग्थ स्टीलचा. सिम्युलेशनचं लायसन्स आमच्याकडे नसल्याने फॉर्मिंगचा अभ्यास बाहेरून करून घेतला होता. रिपोर्टमध्ये यूची उभी भिंत दोन अंशांच्या आत उघडेल असं होतं. ट्रायलला ती पाचाच्या आसपास उघडली, वर सरळ राहायच्या ऐवजी बाहेर कमानीसारखी वळली. पत्रा उघडणार हे टूलरूममध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. साध्या आणि मजबूत स्टीलचा इलॅस्टिक मोड्युलस, म्हणजे धातूचा ताठपणा, जवळपास एकच, २०० ते २१० गिगापास्कल. दाब काढल्यावर पत्रा किती परत जाणार ते स्ट्रेस भागिले मोड्युलस यावर ठरतं, म्हणून मजबूत पत्रा जास्त उघडतो. तो कोन ओव्हरबेंड देऊन, म्हणजे मुद्दाम जास्त वाकवून, काढता येतो. आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते हा ओव्हरबेंड नजरेने सांगतात आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. पण भिंतीची कमान ओव्हरबेंडने जाईना.

मी शेठना विचारलं, "ग्राहकाचं नाव नाही, ड्रॉइंग नाही, नुसता प्रश्न बाहेर विचारू का?"

"विचार की. पण पार्ट नंबर दिसता कामा नये. आणि फोटोत मागची टूलं यायला नकोत, बाई."

तो फोटोचा मुद्दा मला सुचला नसता. मी पार्टचा फोटोच टाकला नाही. तसाच प्रोफाइल वेगळ्या मापांत काढला. समुदायात टाकायचा प्रश्न लिहायला एक अख्खी संध्याकाळ घेतली. पत्र्याची ग्रेड आणि जाडी, डायची त्रिज्या, क्लिअरन्स, ब्लँकहोल्डरचा (पत्रा कडेने दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, रिपोर्ट काय म्हणतो, ट्रायलला काय निघालं, आजवर काय करून पाहिलं आणि त्याने काय झालं. इंग्रजी साधं, लहान वाक्यांचं.

पहिल्या उत्तरात उपाय नव्हताच, उलटे प्रश्न होते. परदेशातल्या एका निवृत्त डाय मेकरने विचारलं की पत्र्याचा टेन्साइल टेस्टचा रिपोर्ट हाताशी आहे का, की फक्त ग्रेडवरून आकडे घेतले? रोलिंगची दिशा कोणती? दुसऱ्याने विचारलं की सिम्युलेशनमध्ये हार्डनिंगचं (ताणताना पोलाद कसं कडक होत जातं त्याचं) मॉडेल कोणतं वापरलं? आणि त्याचं कारणही लिहिलं. डायच्या कडेवरून जाताना पत्रा आधी वाकतो आणि मग सरळ होतो. एकदा एका दिशेने ताणलेलं पोलाद उलट्या दिशेने लवकर यील्ड होतं (कायमचं वाकू लागतं), हा बाउशिंगर इफेक्ट. साधं आयसोट्रॉपिक मॉडेल तो धरतच नाही, म्हणून उघडण्याचा अंदाज चुकतो. त्यासाठी योशिदा-उएमोरीसारखं मॉडेल लागतं. तिसऱ्याने टूलवरचा उपाय सांगितला: स्ट्रोकच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये बीडने (टूलवरच्या उंचवट्याने) पत्रा घट्ट पकडा आणि भिंत ताणून घ्या. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या स्ट्रेसमधला फरक त्याने कमी होतो आणि कमान बसते.

बाहेरून अभ्यास करून देणाऱ्यांना विचारलं, तर मॉडेल खरोखर आयसोट्रॉपिक होतं. बीडची सूचना मी अण्णांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पत्रा उघडतो ते आम्हाला माहितीये. वळतो का, ते आज कळलं." बीडसाठी ब्लँक, म्हणजे सुरुवातीचा कापलेला पत्रा, थोडा मोठा घ्यावा लागला, मटेरियल वाढलं, त्यावरून शेठशी हुज्जत झाली. टूलमधले इन्सर्ट (बदलता येणारे तुकडे) बदलले आणि भिंत टॉलरन्समध्ये आली.

यानंतर मी जे केलं त्यालाच सगळ्यात जास्त महत्त्व देईन. परत जाऊन निकाल लिहिला. कोणाची सूचना वापरली, किती फरक पडला, ब्लँक किती वाढला, काय अजून पटलेलं नाही. असे कितीतरी प्रश्न मी तिथे वाचले होते जिथे विचारणारा उत्तर घेऊन गायब झालेला असतो. पुढे कोणी तीच अडचण घेऊन आला तर त्याला शेवट काय झाला ते कळतच नाही. लोकांनी फुकट दिलेल्या वेळाची एवढी तरी परतफेड व्हायला हवी. मग मला येतं त्या विषयावर मीही उत्तरं द्यायला लागले, पंच का तुटतो, बर (कापलेल्या कडेवरची धार) एकाच बाजूला का येते, असली. आणि तो सगळा शोध, ग्राहकाची ओळख पुसून, लिंक्डइनवरही मांडला.

त्या लिखाणाखाली खराडीतल्या एका टीम लीड सरांनी हार्डनिंगबद्दल प्रश्न विचारला. बोलणं वाढलं. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला मशिन टूलचं प्रदर्शन होतं, तिथे ते येणार होते, मीही गेले. प्रदर्शनातल्या एका प्रेससमोर उभं राहून आम्ही बराच वेळ बोललो. त्यांनी आपल्या टीममधल्या एका ताईंशी ओळख करून दिली, त्याही डिप्लोमा करूनच आलेल्या. जागा निघाली तेव्हा फोन ताईंचाच आला.

पुढची भिंत मात्र कागदाची होती. जाहिरातीत "किमान बी.ई. किंवा बी.टेक." असं होतं. पोर्टलवर डिप्लोमा निवडला की अर्ज तिथेच बाद. पूर्वी काम करता करता इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ए.एम.आय.ई. परीक्षा देण्याचा रस्ता होता, पण पदवीच्या बरोबरीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच आहे. मी त्या तारखेत बसत नाही. ताईंनी माझं नाव अंतर्गत शिफारशीतून दिलं, आणि सरांनी एचआरला लिहून अपवाद मागितला. सोबत त्यांनी माझ्या त्या प्रश्नाची आणि निकालाची लिंक जोडली होती, हे मला नंतर समजलं.

मुलाखतीत त्याच पार्टवर बोलणं झालं. एकाने विचारलं, बीड न देता दुसरं काय केलं असतं? मी क्लिअरन्स कमी करण्याबद्दल आणि डायच्या त्रिज्येबद्दल बोलले, आणि त्यात पत्रा खरवडण्याचा धोका कुठे आहे तेही सांगितलं. सॉफ्टवेअर मला येत नाही हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, सॉफ्टवेअर शिकवता येतं, ट्रायलला उभं राहिलेलं माणूस मिळत नाही.

चालू टूल पुरं करून, शेठना सांगून मी तिकडे गेले. अण्णांचा अजूनही आठवड्याला फोन असतो, एखादा पार्ट वळत असला की.

त्या टीममध्ये आता पुन्हा जागा निघते आहे. जाहिरातीत "बी.ई. किंवा टूलरूमचा अनुभव असलेला डिप्लोमा" असं घालावं, असं ताईंनी आणि मी मिळून सरांना लिहून दिलं. सरांनी ते एचआरकडे पाठवलंय, उत्तर अजून यायचं आहे. तोवर तुम्ही भोसरी-चाकणला टूल काढत असाल, तर निदान एका टूलाची गोष्ट, ग्राहकाचं नाव पुसून, लिहून ठेवा. मला पाठवलीत तर मी वाचेन, आणि सुचेल ते सांगेन.