पाटीवर पोराचं नाव

ठाण्याहून भाईंदरजवळचं, समुद्रकाठचं उत्तन म्हणजे हाकेच्या अंतरावर, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. शनिवारी गायमुखच्या अलीकडे एकाच ट्रकच्या मागे पाऊण तास अडकलो, तेव्हापासून ते सांगणं बंद.

रिसॉर्टबद्दल फार लिहीत नाही. 'सी फेसिंग' खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत होती आणि टाकीवर डॉल्फिन रंगवला होता. तेवढाच आमचा समुद्र. नवरा म्हणाला, 'बाहेर पडू, नाहीतर भांडण होईल.' रविवारी सकाळी पडलो.

मांडवांवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास सोडत नाही तुम्हाला. त्यातूनच चालत एका घरापाशी थांबलो. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय', खाली प्रोप्रायटर म्हणून एका पुरुषाचं नाव. ओट्यावर एक आजी बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळ्याने मसाला भरत होती. बोटाने ठोकायची, मसाला खाली बसायचा, की पुन्हा चमचाभर. हा बाटली मसाला. मान वर न करता म्हणाली, "रूम बगायची? पोरगा भायंदरला गेलाय. बस गो, मीच दाखवते."

खोल्या तीन. हे सगळं सुरू केलं कुणी, म्हणून विचारलं, तर उलट आश्चर्यानेच बघितलं तिनं. "मी, आणखी कोण?"

जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा नाही. मग सप्टेंबरात, ८ तारखेच्या वेलंकनी मातेच्या सणाला, बाहेरगावचे लोक यायचे आणि परतीची शेवटची बस चुकायची. "बायापोरं घेऊन रस्त्यावर झोपनार काय?" ओट्यावर चटया, सकाळी चहा, दुपारी भात-कालवण. पहिल्या वर्षी पैसे मागायला लाज वाटली, दुसऱ्या वर्षी नाही. पक्क्या खोल्या पुढे बांधल्या, कर्ज काढून. कर्ज मुलाच्या नावावर, म्हणून पाटीही त्याचीच.

मला एकदम अटलांटिक सिटी आठवली. मुलगी न्यू जर्सीला असते, तिनं नेलं होतं. कसिनोंची गर्दी मला सोसली नाही, १९७८ पासून तिथे तेच चालतं. पण त्या गावातला पहिला धंदा एका विधवेचा. जेरेमाया लीड्स १८३८ साली गेला आणि बायको मिलिसंटने टॅव्हर्नचा परवाना काढला. नाव काय, तर 'आंट मिलीज बोर्डिंग हाऊस'. आपल्याकडे मिली मावशीची खानावळच म्हटलं असतं. हे गाव ज्या बेटावर आहे, तिथे १८५० मध्ये कायमची घरं सात, त्यातलं एक सोडून सगळी लीड्सच्या वंशजांची. रेल्वे आली १८५४ ला, समुद्रकाठची प्रसिद्ध फळ्यांची वाट १८७० ला. म्हणजे पर्यटक यायच्या कितीतरी आधी बाई चूल पेटवून बसलेली. तिची जागा बाल्टिक अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. आपल्या 'व्यापार'सारखा अमेरिकेतला जो पटावरचा खेळ, मोनोपॉली, त्यात हाच रस्ता सगळ्यात स्वस्तातला, ६० डॉलरला. मला तेव्हाही राग आला होता.

आजीला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परवाना तिच्या नावावर व्हता?"

"हो."

"मंग बरं." आणि बाटलीच्या तोंडात कापडाचा बोळा दाबला.

जेवलो तिथेच. भरलेलं पापलेट होतं, पण लक्षात राहिली सुक्या जवळ्याची चटणी. ती नवऱ्याने दोनदा मागितली. घरी माझ्या हातची एकदाही मागत नाही. खोली मात्र मला फारशी आवडली नाही, पंखा फारच आवाज करतो. तरी पुढच्या वेळी डॉल्फिनकडे जाणार नाही.

निघताना पैसे मोबाईलवरून दिले. स्क्रीनवर मुलाचं नाव आलं. मसाल्याची एक बाटली घेतली होती, तिचेही त्यातच टाकत होते, तर आजीने माझं मनगट धरलं.

"जेवनाचे त्याला दे. मसाल्याचे रोख, माझ्या हातात."

माझ्याकडे पाचशेचीच नोट होती. सुटे आणायला ती स्वतःच शेजारी गेली, कमरेची पिशवी सोडत.