डहाणू लोकल, १९०५ आणि ६१७४

विरारला डबा रिकामा झाला आणि खिडकी मिळाली. वैतरणेची खाडी ओलांडल्यावर मी वही काढली. डहाणूला चालले होते ती गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांसाठी. त्यांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५चा. म्हटलं, त्यांनी शोधलेला ६१७४चा खेळ याच सालापासून सुरू करू.

कृती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. तिथून हलता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात आणि १९०५ला बरोबर सात लागल्या. मग त्यांच्या निधनाचं साल, १९८६, घेतलं. पहिल्याच वजाबाकीत ८१७२! जन्मसालाच्याच वाटेवर येऊन मिळालं. बोईसर कधी गेलं कळलं नाही.

डहाणू रोडहून शेअर रिक्षाने पारनाक्याला गेले. ओहोटी होती, पाणी खूप आत गेलेलं. सुरूच्या सावलीत बसून होते. रिक्षावाल्या दादांना कापरेकरांबद्दल विचारलं होतं, त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं. मला वाईट वाटलं. त्यांचा दोष नाही, कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

कापरेकर शिकले ठाण्यात, मग पुण्याला फर्ग्युसनमध्ये. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. ते रँग्लर परांजपेही कोकणातलेच, दापोलीजवळच्या मुर्डीचे. पण कापरेकरांचं औपचारिक शिक्षण बी.एस्सी.पाशी थांबलं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. पुढचं सगळं गणित त्यांनी स्वतःच, संख्यांशी खेळत शोधलं. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो नावाच्या स्टेशनात सुचल्या म्हणून 'डेम्लो संख्या', गावावरून 'देवळाली संख्या'. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आता जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

हे 'आता' मला खुपतं. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या कितीतरी गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटलं. त्यांचे लेख छोट्या नियतकालिकांत आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिले. १९७५मध्ये गणितावर सोपं लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा ते सत्तरीचे होते.  साधन फक्त वजाबाकीचं, म्हणून शोध लहान कसा ठरतो? उलट, पाचवीतलं मूलही पडताळून पाहू शकेल असं गणित दुर्मीळच. डहाणू तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर ६१७४ एकदा तरी यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी बोर्डीला पोचले. चिकूच्या वाडीत मुक्काम होता. जेवणानंतर काकूंच्या नातीला हा खेळ दाखवला. तिने मुद्दाम ७७७७ घेतली, शून्य आलं, आणि "मावशी, हे फसलं!" म्हणून ओरडली. सारखे अंक चालत नाहीत, हे सांगितल्यावर तिने आजीचं जन्मसाल घेतलं, मग स्वतःचं. दोन्ही वेळा ६१७४ आल्यावर तिने तीन अंकांचं विचारलं. तिथे ४९५, म्हटलं, करून बघ.

"आणि पाच अंक घेतले तर?"

पाच अंकांत असा एकच मुक्काम नाही, संख्या ठरावीक फेऱ्यांत फिरत राहतात. हे मी सांगणार होते, पण तोवर तिची पहिली वजाबाकी मांडून झाली होती.