रेडिओवर एवढं काय सांगत होते?

‘पंधरा दिवस लाइट नाही, फोन नाही, मग तुम्ही करत काय होतात?’ याला मी ‘रेडिओ ऐकत होतो’ म्हटलं की समोरचं माणूस हसतं. पुण्याच्या वहिनी तर म्हणाल्या, ‘अमेरिकेत जाऊन रेडिओ? आणि रेडिओवर एवढं काय सांगत होते गं?’ फोनवर दोन वाक्यांत ते सांगून होत नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

आम्ही ॲशव्हिलला राहतो. नॉर्थ कॅरोलायनातलं डोंगरातलं गाव, उंचीला पुण्यापेक्षा थोडं वर, समुद्र चारेकशे किलोमीटर लांब. मी मूळची दापोलीजवळच्या हर्णैची. वादळं समुद्राकाठच्या लोकांच्या वाट्याला यायची, डोंगरात त्यांचं काय काम, अशी माझी पक्की समजूत. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आम्ही खिडक्या लावून निवांत झोपलो. आधीपासून पाऊस लागूनच होता, डोंगर पाणी पिऊन टम्म झालेले. शुक्रवारी लाइट गेली, फोन गेले, मग नळही. फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर चढली आणि १९१६ च्या पुराचा २३.१ फुटांचा विक्रम मोडला, हे सगळं मागाहून कळलेलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की गल्लीच्या तोंडावर ओकचं झाड आडवं पडलंय आणि त्याच्या पलीकडे काय झालंय ते कुणालाच ठाऊक नाही.

गाडीतला रेडिओ लावायचं सुचलं ते शेजारच्या आजोबांना. त्यांनी आमच्या गाडीत बसून ५७० लावलं. डब्ल्यूडब्ल्यूएनसी, मीडियम वेव्हवरचं, १९२७ पासूनचं स्टेशन. आमच्या गाडीत मीडियम वेव्ह आहे हेच मला माहीत नव्हतं. एरवी तिथे राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे मी कधी वाटेला गेले नव्हते. त्या दिवशी मात्र राजकारणाचं नाव नव्हतं. एकामागून एक फोन घेत होते, आणि या स्टेशनच्या मालक कंपनीच्या गावातल्या इतर स्टेशनांवरही तेच चालू होतं.

तर काय सांगत होते? पहिली गोष्ट, घरातून निघू नका. राज्याच्या या भागातले सगळेच रस्ते बंद आहेत असं समजा. मग कुठल्या पंपावर पेट्रोल आहे, तिथे कार्ड चालतं की रोख द्यायची. कुठल्या शाळेत लोकांची सोय केलीय. आणि खूपदा सांगत होते, ‘माहीत नाही.’ हे मला फार नवं होतं. माईकसमोर बसलेला माणूस ‘आम्हाला माहीत नाही, तुमच्यापैकी कुणी तिकडून आलं असेल तर फोन करा’ म्हणतो आणि मग खरंच कुणीतरी फोन करतं. ज्याच्या फोनला कुठून तरी जरा रेंज मिळाली तो आधी घरी लावून बघे, आणि घरी लागला नाही की स्टेशनला लावी.

एक फोन अजून कानात आहे. नदीपलीकडे राहणाऱ्या आईचा पत्ता लागत नव्हता, मुलगा दुसऱ्या राज्यातून बोलत होता. निवेदकाने विचारलं, घर रस्त्याच्या चढाकडच्या बाजूला की उताराकडच्या? मुलगा म्हणाला, चढाकडच्या. त्यावर आमच्या आजोबांनी मोठा श्वास सोडला. त्या रस्त्याचा चढ कुठे आणि उतार कुठे, हे त्या निवेदकालाही माहीत होतं आणि आजोबांनाही. मला बारा वर्षं राहून माहीत नव्हतं. पुढे तासाभरात त्या भागातल्या एका बाईंचा फोन आला, वरच्या अंगाची घरं उभी आहेत म्हणून. आईचं पुढे काय झालं ते कळलं नाही, कारण आम्हाला रेडिओ बंद करावा लागला.

गाडीची बॅटरी उतरली तर संपलंच, आणि पेट्रोल मिळण्याची खात्री नाही. म्हणून आम्ही तासाला पंधरा मिनिटं ठरवली होती. आजोबा बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेत आणि मग चार घरांत जाऊन वाचून दाखवत. पाण्याचं वाटप कुठे आहे याखाली दोन रेघा.

सकाळी दहाला आणि दुपारी चारला काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे, अधिकारी बोलत. ते आम्ही ब्लू रिज पब्लिक रेडिओवर ऐकायचो. त्या वेळी गाडीची चारही दारं उघडी, आवाज पूर्ण, आणि भोवती गल्लीतली सगळी माणसं हाताची घडी घालून उभी. गणपतीच्या आरतीला जमावी तशी. नंतर कळलं, की गावात ठिकठिकाणी अशीच माणसं उभी होती.

निवेदकांच्या घरीही पाणी नव्हतंच. त्यांच्यातले काही जण स्टेशनवरच झोपत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज बसलेला स्पष्ट कळायचा. या लोकांना शूरवीर वगैरे म्हणायला मला जड जातं, त्यांनाही आवडणार नाही. पण अमेरिकेत आता कितीतरी स्टेशनांत माणूसच नसतो. दुसऱ्याच शहरात बसून आधी बोलून ठेवलेलं संगणक वाजवत राहतो. तिथे फोन केला असता तर उचलला कुणी असता? आणि उचलला असता तरी आमच्या स्वॉननोआ नदीचं नाव त्याला धड घेता आलं असतं का? मुंबईची माणसं हर्णैला ‘हरनाय’ म्हणतात तेव्हा मला जे होतं, तेच इथल्यांना होतं.

मोबाईल का बंद पडला आणि रेडिओ का नाही, हेही विचारतात. मोबाईलला पावलापावलावर टॉवर लागतात, प्रत्येकाला वीज आणि केबल. झाडं पडली की दोन्ही तुटतात. रेडिओला एक खांब आणि एक जनरेटर पुरतो, फक्त त्यात डिझेल ओतत राहायला हवं. ऐकणाऱ्याला दोन सेल. २०१७ मध्ये मारिया वादळात पोर्टो रिकोच्या वापा रेडिओने सुरुवातीला जवळजवळ एकट्याने बेट सांभाळलं. २००५ मध्ये कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्सच्या एकमेकांच्या स्पर्धक स्टेशनांनी मिळून एकच प्रक्षेपण चालवलं. म्हणजे आमच्याकडे झालं ते काही पहिल्यांदा नव्हतं. मला पहिल्यांदा दिसलं, इतकंच.

नळाचं पाणी पिण्यालायक झालं ते १८ नोव्हेंबरला, त्रेपन्न दिवसांनी. तोवर रेडिओ पुन्हा राजकारणाकडे वळला होता.

या सगळ्यात दापोलीचा भाऊ तिकडून चार दिवस फोन लावत बसला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी इथून अशीच त्याला लावत बसले होते. त्यांच्याकडे तर लाइट यायला महिना लागला. तेव्हा घरात रेडिओ नव्हता. बाबांचा होता, मच्छीमारांना इशारा द्यायचे तो ऐकायला. बाबा गेल्यावर तो भंगारात गेला.

गेल्या डिसेंबरात गेले तेव्हा दापोलीच्या बाजारात रेडिओ मागितला. दुकानदार ब्लूटूथचे दिवेवाले डबे काढून दाखवत बसला, ‘ताई, यात पेन ड्राइव्हपण चालतो.’ शेवटी माळ्यावरून एक साधा, मीडियम वेव्हवाला मिळाला. तो मी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवून आलेय, सेल घालून. परवा भावाला विचारलं, वाजतो ना? म्हणाला, ‘वाजतो की. म्हणजे, सध्या सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत.’