शिफ्टरला ट्यूबचं रबर: तिसरा आठवडा

लॉजिटेकचा ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाडीच्या गेमसाठीचा गिअर लिव्हर, सहा गिअर आणि रिव्हर्सचा, एच पॅटर्नचा: साध्या कारसारखी प्रत्येक गिअरला वेगळी जागा. मला मात्र 'डर्ट रॅली २.०' या गेममधली स्कोडा फाबिया आर5 ही रॅलीची गाडी चालवायची आहे. तिचा 5 गिअरचा बॉक्स सिक्वेन्शियल: लिव्हर मागे ओढला की वरचा गिअर, पुढे ढकलला की खालचा. ब्रेक मारताना अंग पुढेच झुकतं, म्हणून ही दिशा हाताला लगेच पटते.

न्यूट्रलमध्ये आपला लिव्हर 3 आणि 4 च्या मधोमध उभा राहतो, 3 पुढे, 4 मागे. म्हणून गेममध्ये 3 ला 'गिअर डाऊन' दिला, 4 ला 'गिअर अप', आणि ट्रान्समिशन मॅन्युअल सिक्वेन्शियलवर टाकलं. तिसऱ्या-चौथ्या गिअरची जुनी नेमणूक आधी काढून टाका.

खरी अडचण पुढे होती. हा लिव्हर गिअरात टाकला की तिथंच बसतो. गेमच्या लेखी ते एकच दाबलेलं बटण, म्हणजे न्यूट्रलला परत आणल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत दर वेळी हातानं परत आणत होतो. वळणावर कुठला वेळ असतो त्याला!

आर्णीच्या स्टँडजवळ पंक्चरच्या दुकानात जुनी सायकलची ट्यूब मागितली. काका म्हणाले, "काहून बे, सायकल त नाही तुयाजवळ!" फुकटच दिली. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, लिव्हरच्या मानेला गाठ मारून एक शिफ्टर टेबलाला आवळणाऱ्या पुढच्या क्लॅम्पला ताणली, दुसरी मागच्या.

शनिवारी रात्री शेतपंपाची लाइन असते, घरची गेलेली. रविवारी सकाळी तपासलं. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत बटणांचे लाल दिवे बघत 50 वेळा मागे ओढलं. 11 वेळा लिव्हर सुटल्यावर न्यूट्रल ओलांडून थेट 3 मध्ये घुसला. म्हणजे वरचा गिअर पडला आणि लगेच खालचाही! रबर जास्त ताणलेलं होतं. पट्ट्या चार बोटं लांब केल्या, कव्हरच्या आत लिव्हरला घासेल असा फोमचा तुकडा कोंबला. आता 50 मध्ये 2.

ते दोनही मी लिव्हर झटकन सोडला तेव्हाचे. हात मुठीवर ठेवला तर एकही नाही. पुढच्या आठवड्यात मागची पट्टी अजून सैल करून बघतो, 3 ची बाजू अजून जरा कडक लागते.