शेजारच्या खाटेवरचा गोंगाट आणि आपली विश्रांती

रुग्णालयाच्या सामायिक वॉर्डात दाखल होणाऱ्या माणसाला शेजारी निवडता येत नाही. अंगात ताकद नसते, हाताला सलाईन लावलेले असते, उठून दुसरीकडे जाण्याची सोय नसते आणि हातभर अंतरावर एक अनोळखी कुटुंब आपल्या सगळ्या सवयींसह वावरत असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मी अशा वॉर्डात राहिले, आणि पुढे वडिलांच्या सोबतीला तशाच एका वॉर्डात रात्री काढल्या. त्या दोन्ही वेळी जे पाहिले आणि जे उपयोगी पडले, ते येथे लिहीत आहे. रुग्णालयात जाताना कोणते कपडे आणि कोणती कागदपत्रे न्यावीत हे सगळेच सांगतात. शेजारी रात्री बारापर्यंत मोबाईल वाजवत बसला तर काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

बहुतेक जण काहीच करत नाहीत. चार दिवसांचा प्रश्न आहे, कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा, तोही बिचारा आजारीच आहे, असे म्हणून माणूस उशीत तोंड खुपसून पडून राहतो. हा समजूतदारपणा मला पटत नाही, कारण त्यामागे विश्रांती ही एक चैन आहे आणि ती मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी चालेल, असा समज असतो. प्रत्यक्षात झोप हा उपचाराचाच भाग आहे. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवतात, चित्त थाऱ्यावर राहत नाही आणि वयस्कर रुग्णांमध्ये भ्रम होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ साली असे मांडले की, घरी सोडल्यानंतरचे काही आठवडे रुग्ण मूळ आजाराखेरीज इतर अनेक आजारांनाही सहज बळी पडू शकतो, आणि त्याच्या कारणांमध्ये त्यांनी रुग्णालयात मोडलेली झोप आवर्जून धरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रात्री वॉर्डातील सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मधेच उठणारा एखादा आवाजही ४० डेसिबलच्या वर जाऊ नये. दोन माणसे समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हाच तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. डेसिबलची मोजणी अशी आहे की दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या साध्या गप्पाही ३० डेसिबलच्या त्या मर्यादेच्या सुमारे आठपट मोठ्या वाटतात. तेव्हा शांतता मागणारा रुग्ण कुरकुरा नसतो. वेळेवर औषध मागण्याइतकीच ती रास्त मागणी आहे, आणि हे एकदा मनाशी पक्के झाले की बोलण्याचा सूरही आपोआप बदलतो, त्यात ना अजीजी उरते ना चीड.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. त्यांच्या मोबाईलवर छोट्या चित्रफिती एकामागून एक चालत आणि प्रत्येक फीत आपोआप पुन्हा सुरू होई, त्यामुळे तेच तीन-चार सूर भिंतीवर आपटल्यासारखे परत परत कानावर येत. मी पडदा थोडा बाजूला केला आणि म्हणाले, "काका, टाक्यांमुळे मला रात्री झोप लागली नाही. आता जरा डोळा लागेल असे वाटते आहे. तासभर आवाज बंद ठेवाल का?" त्यांनी मोबाईल छातीवर पालथा ठेवला, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि "अहो, मला वाटले तुम्हाला ऐकूच येत नसेल," असे म्हणाले. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. पडदा ओढला की माणसाला आपण खोलीत एकटे आहोत असा भास होतो, पण त्या कापडाने आवाज मुळीच अडत नाही. संध्याकाळी त्यांनी मुलीला हेडफोन आणायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून विचारले, "आता लावू का?"

सगळे शेजारी इतके समंजस नसतात, हे मान्य आहे. तरीही त्या एका वाक्यात कारण होते, मुदत होती आणि नेमके काय हवे ते होते, म्हणून ते ऐकणे त्यांना सोपे गेले. "किती आवाज करता तुम्ही" या वाक्यात यातले काहीच नसते, फक्त आरोप असतो. बोलण्याची वेळही जपावी लागते. राग डोक्यात चढण्याआधी बोलावे, शक्य तर दिवसा बोलावे आणि समोरच्याचे नातेवाईक भोवती बसलेले असताना बोलू नये, कारण चारचौघांत कमीपणा आला की माणूस मुद्दा सोडून आपला मान सांभाळायला लागतो. स्वतः बोलण्याइतके बळ नसेल तर ते काम आपल्या तापट भावावर किंवा मुलावर सोपवू नये. तो सायंकाळी भांडून घरी जातो आणि रात्र आपल्याला त्याच शेजाऱ्याबरोबर काढायची असते.

विनंतीचा उपयोग झाला नाही, तर सिस्टरांना सांगायचे. येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, तक्रार म्हणून सांगण्याऐवजी ती लक्षण म्हणून सांगावी. "बाजूचे लोक फार त्रास देतात" हे वाक्य परिचारिका दिवसातून कितीतरी वेळा ऐकतात, आणि त्यावर त्यांना करता येण्यासारखे एवढेच असते की दोन्ही बाजूंना जरा सांभाळून घ्या म्हणायचे. त्याऐवजी "मला काल रात्री दोनपर्यंत जाग होती, पहाटेही झोप लागली नाही, आज टाके जास्त दुखत आहेत आणि चालायला उभे राहिले की गरगरते" असे सांगितले की ती रुग्णाच्या प्रकृतीची माहिती होते. ती नोंदवली जाते, पुढच्या पाळीला कळवली जाते, राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर जाते. मग आवाजाचा बंदोबस्त करणे हे उपचाराचे काम ठरते आणि सिस्टरांनाही शेजाऱ्याशी बोलताना आधार मिळतो. त्या "यांना त्रास होतो" असे न म्हणता "या पेशंटला विश्रांतीची गरज आहे" असे म्हणू शकतात. वडिलांच्या वॉर्डात मी हे प्रत्यक्ष पाहिले. आदल्या रात्री हात जोडून जे झाले नव्हते, ते राउंडला डॉक्टरांसमोर "बाबा तीन रात्री झोपलेले नाहीत" एवढे सांगितल्यावर दुपारपर्यंत झाले.

मात्र जो त्रास देतो तो बेफिकीरच असतो असे नाही, आणि हा फरक ओळखणे वॉर्डात फार गरजेचे असते. वडिलांच्या समोरच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. दिवसा ते शांत, मोजके बोलणारे. अंधार पडला की मात्र गाडी चुकेल, सामान बाहेरच राहिले, असे ओरडत उठू पाहत आणि सलाईनची नळी ओढत. दोन खाटांवरून कोणीतरी ओरडले, "झोपू द्या हो आम्हाला!" त्यांचा मुलगा शरमेने प्रत्येकाची माफी मागत हिंडत होता. त्या गृहस्थांना भ्रम झाला होता. वयस्कर माणसाला शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, काही औषधे, लघवी तुंबणे किंवा नुसती अनोळखी जागा यांमुळेही अशी अवस्था येते, आणि ती बहुधा रात्री बळावते. तेथे रागावण्याचा उपयोग नसतो. रागावलेला आवाज ऐकून रुग्ण अधिकच घाबरतो. चष्मा आणि कानाचे यंत्र जागेवर असणे, दिवसा भरपूर उजेड, ओळखीच्या माणसाचा आवाज आणि "तुम्ही रुग्णालयात आहात, मी इथेच आहे" असे पुन्हा पुन्हा शांतपणे सांगणे, याने फरक पडतो. शेजारच्या रुग्णाची ही भाषा अचानक बदललेली सर्वांत आधी आपल्याच लक्षात येऊ शकते, कारण आपण दिवसभर तेथेच असतो; अशा वेळी ताबडतोब सिस्टरांना सांगावे, कारण अचानक आलेल्या भ्रमामागे उपचार करण्याजोगे कारण दडलेले असू शकते. घोरण्याचेही तसेच आहे. झोपलेल्या माणसाला घोरू नका असे सांगता येत नाही, पण मोठ्याने घोरताना ज्याचा श्वास मधेच थांबतो आणि मग धक्क्याने सुरू होतो, त्याच्याबद्दल जरूर सांगावे, विशेषतः त्याला वेदनेसाठी तीव्र औषधे चालू असतील तर. ती चुगली नव्हे, त्याच्या जिवाची काळजी आहे.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न मला रुग्णांपेक्षा अवघड वाटतो, कारण ते रोज नवे असतात आणि काल सांगितलेले आज आलेल्यांना माहीत नसते. खुर्च्या कमी पडल्या की ते आपल्या खाटेच्या पायथ्याशी टेकतात आणि गादी दबली की टाक्यांत कळ उठते. चाकांचे टेबल वाटेतून सरकवून ठेवतात आणि पाण्याची बाटली आपल्या हाताबाहेर जाते. ज्याला कुशीवर वळायलाही दोन मिनिटे लागतात, त्याच्यासाठी ती दोन फूट दूर गेलेली बाटली ही लहान गोष्ट नसते. रुग्णांचे स्वच्छतागृह वापरतात. आणि मग एखादे सहृदय गृहस्थ पडद्याच्या फटीतून विचारतात, "तुम्हाला काय झाले आहे?" मी अशांना "त्याविषयी बोलायला आत्ता नको वाटते, तुमचे पेशंट कसे आहेत?" असे उत्तर देत असे. ते वाईट वाटून घेत नाहीत आणि विषयही तेथेच संपतो. काही जण आवाज होऊ नये म्हणून कुजबुजतात. तेही चांगले नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच रुग्णाच्या खोलीतील कुजबुज ही क्रूर असल्याचे लिहिले होते, कारण रुग्ण नकळत कान देऊन ऐकू लागतो आणि हे आपल्याविषयीच तर नाही ना, या विचाराने अस्वस्थ होतो. बोलायचेच असेल तर हळू पण स्पष्ट बोलावे, आणि लांबलचक बोलणे वॉर्डाबाहेर करावे.

काही बाबतींत भीड बाळगणे धोक्याचे आहे. शेजाऱ्याच्या पाहुण्याने आपले सलाईनचे यंत्र वाजते म्हणून स्वतःच बटण दाबून ते गप्प केले, तर त्या क्षणी सिस्टरांना बोलवावे. ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी कोणी काडी किंवा लायटर काढला तर विनंतीच्या भाषेची गरज नाही. खोकणारा, ताप असलेला पाहुणा आपल्या खाटेशी वाकून विचारपूस करू लागला तर त्याला लांब राहायला सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. जुलाब होत असलेल्या रुग्णाला भेटून आलेल्याने हातांना नुसते सॅनिटायझर लावणे पुरेसे नसते, कारण अशा आजारांतील काही जंतू त्याला दाद देत नाहीत. तेथे साबण आणि पाणीच लागते. आणि सर्वांत फसवा प्रकार प्रेमाचा असतो. शेजारच्या उपाशी ठेवलेल्या रुग्णाची दया येऊन कोणी त्याला घोटभर दूध किंवा चार घास देते. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याला उपाशी ठेवलेले असते. असे होताना दिसले तर लगेच थांबवावे आणि त्याने काही खाल्ले असेल तर ते लपू देऊ नये, मग त्याची शस्त्रक्रिया पुढे गेली तरी चालेल.

आपल्याकडे येणारी माणसेही दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारचीच असतात, याचे भान मी घरच्यांना आधीच दिले होते. एका वेळी दोघांनीच यायचे, सर्वांना प्रकृती कळवण्याचे काम एकानेच बाहेर जाऊन करायचे आणि माझे डोळे मिटले की निघायचे, असे ठरले होते. दोन-तीन नातेवाईकांना ते आवडले नाही. त्यांची समजूत मी घरी आल्यावर काढली.

स्वतःसाठी करण्यासारखे थोडेच असते, पण ते जरूर करावे. कानात घालायचे फोमचे बोळे नीट बसवले तर बराच आवाज कमी करतात. ते आधी बोटांनी पिळून बारीक करावे, कान वर ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते निम्मेच काम करतात. डोळ्यांवर पट्टी असली तर रात्री शेजाऱ्याचा दिवा लागला तरी झोप मोडत नाही. हे सारे वापरत असल्याचे रात्रपाळीच्या सिस्टरांना सांगून ठेवावे, म्हणजे औषध द्यायला आल्यावर त्या हाक मारण्याऐवजी खांद्याला हात लावून उठवतात.

एवढे करूनही भागत नसेल तर खाट बदलून मागावी. त्यालाही वेळ असते. रात्री अकरा वाजता सिस्टरांच्या हातात रिकामी खाट नसते आणि असलीच तरी ती एखाद्या तातडीच्या रुग्णासाठी राखलेली असते. सकाळी राउंडमध्ये कोणाला घरी सोडायचे हे ठरते आणि त्यानंतर खाटा मोकळ्या होऊ लागतात, म्हणून मागणी राउंडच्या आधी नोंदवावी आणि कोणतीही खाट चालेल की भिंतीकडचीच हवी, हेही तेव्हाच सांगावे. नर्सिंग स्टेशनजवळची खाट सुरक्षित वाटते, पण तेथे रात्रभर दिवा आणि फोन चालू असतो. दाराजवळच्या खाटेला ये-जा सोसावी लागते. ज्या रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते त्याला कोपऱ्यात हलवता येत नाही, आणि संसर्ग असलेल्याच्या शेजारी कोणाला ठेवायचे यालाही नियम असतात. त्यामुळे नकार मिळालाच तर कारण विचारून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी पुन्हा विचारावे.